गुलाबी ट्रिबल कुणी रंगवला? 'स्टार ट्रेक'च्या कार्टूनमागचा इतिहास

मंडळी, आज एका गुलाबी केसाळ गोळ्यापासून सुरुवात करू.

'स्टार ट्रेक' बघितलेल्यांना ट्रिबल माहीत असतात. हातात मावणारे, गुरगुरणारे आणि भराभर पिल्लं घालणारे गोळे. १९६७ साली मूळ मालिकेत ते आले तेव्हा तपकिरी, करड्या अशा साध्यासुध्या रंगांचे होते. १९७३ साली कार्टूनमध्ये परत आले ते चक्क गुलाबी होऊन. का? याचं उत्तर चाहते एका दमात सांगतात: "अहो, दिग्दर्शक रंगांध होता! त्याला गुलाबी रंग करडा दिसायचा."

अशा वाक्यांना आपण 'पडद्यामागच्या गमतीजमती' म्हणतो. माझं संशोधन दूरचित्रवाणीच्या निर्मितीचा इतिहास कसा लिहायचा यावर आहे, त्यामुळे अशा गमतीजमती माझ्यासमोर रोज येतात. त्या खोट्याच असतात असं नाही. बऱ्याचदा त्यांत तथ्य असतं, पण त्या सगळा कारभार एका माणसाच्या विक्षिप्तपणावर नेऊन ठेवतात. पैसे कुणाचे होते, करार काय होता, निर्णय कोणाच्या टेबलावर झाला, हे गमतीत येत नाही. आज या एका कार्टून मालिकेच्या निमित्ताने ते येऊ द्यावं म्हणते. आणि शेवटी तुम्हीच ठरवा, ट्रिबल गुलाबी कुणी केला ते.

आधी थोडी ओळख

'स्टार ट्रेक' ही जीन रॉडनबेरी यांची मालिका अमेरिकेत एनबीसीवर १९६६ ते १९६९ या काळात चालली. ७९ भाग झाले आणि प्रेक्षकसंख्या पुरेशी नाही म्हणून ती बंद पडली. गंमत अशी की बंद पडल्यावरच ती खरी गाजली. स्थानिक वाहिन्यांवर पुनःप्रक्षेपणं सुरू झाली, चाहत्यांचे मेळावे भरू लागले. मग तीच पात्रं घेऊन कार्टून काढायचं ठरलं. मूळ मालिकेतून फुटलेली ही उपमालिका, ज्याला स्पिन-ऑफ म्हणतात, ८ सप्टेंबर १९७३ रोजी सुरू झाली. मूळ मालिकेचा पहिला भाग लागला त्याला त्या दिवशी बरोब्बर सात वर्षं झाली होती. शेवटचा भाग १२ ऑक्टोबर १९७४ रोजी लागला. एकूण भाग २२. पहिल्या वर्षी १६ आणि दुसऱ्या वर्षी ६.

हे कार्टून बनवलं फिल्मेशन नावाच्या स्टुडिओने. नाव ओळखीचं नाही वाटत? पण काम ओळखीचं असेल. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवर जो 'ही-मॅन' लागायचा, तो याच स्टुडिओचा. आठवून बघा: तलवार उंचावून ॲडमचा ही-मॅन होतो ते दृश्य दर वेळी अगदी तेच असायचं, एका रेषेचाही फरक नाही. लहानपणी आपल्याला ती त्या कथेची रीत वाटायची. खरं तर तो हिशेब होता.

एकच चित्र चार वेळा

हिशेब समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

त्या काळी प्रत्येक चित्र पारदर्शक सेलवर हाताने उतरवून, हाताने रंगवून, एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवावं लागे. मोठ्या सिनेमाला हे परवडतं. शनिवारी सकाळी मुलांसाठी लागणाऱ्या मालिकेला परवडत नाही. मग फिल्मेशन काय करायचं? पात्रांच्या ठरावीक हालचाली एकदाच काढून साठवून ठेवायच्या. कर्क खुर्चीत वळतो, स्पॉक भुवई उंचावतो, तिघं डावीकडून उजवीकडे पळतात. ही चित्रं भागामागून भाग वापरायची, फक्त पार्श्वभूमी बदलायची. बोलताना तोंड तेवढं हलवायचं, बाकी माणूस स्थिर.

आता एक छोटी गोष्ट बघा. या कार्टूनमध्ये अंतराळवीर निर्वात जागी जाताना अंतराळ-पोशाख घालत नाहीत. कमरेला एक पट्टा लावतात आणि त्यांच्याभोवती पिवळसर प्रभा दिसते. चाहते या पट्ट्याकडे भविष्यातली युक्ती म्हणून बघतात. पण पोशाख घातला असता तर प्रत्येक पात्राच्या सगळ्या हालचाली पुन्हा काढाव्या लागल्या असत्या. प्रभा दाखवायची तर साठवलेल्या जुन्याच चित्राभोवती एक उजळ रेघ पुरते. भविष्यातली युक्ती म्हणतात ती अशी काटकसरीतून आली.

हे वाचून फिल्मेशन म्हणजे कंजूष मंडळी, असं मत करून घेऊ नका. स्टुडिओचे एक संस्थापक लू शायमर यांचा एक हट्ट होता: चित्रकाम परदेशात स्वस्तात करून घ्यायचं नाही, अमेरिकेतल्याच कलाकारांकडून करायचं. बाकीचे स्टुडिओ ते बाहेर पाठवू लागल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही. म्हणजे त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या दृश्यांमागे कुणाची तरी टिकलेली नोकरीही होती. ही बाजू लक्षात ठेवा, कारण आता याच स्टुडिओच्या काटकसरीची दुसरी बाजू येतेय.

आवाज कोणाकोणाचा?

कार्टूनमध्ये नट दिसत नाहीत. त्यामुळे निर्मात्याला एक मोह होतो: एकाच नटाकडून चार पात्रांचे आवाज काढून घ्यावेत. मूळ मालिकेतले सगळे नट परत बोलवायला पैसे नव्हते. ठरलं असं की विल्यम शॅटनर (कर्क), लिओनार्ड निमॉय (स्पॉक) आणि डिफॉरेस्ट केली (मॅकॉय) हे तिघं हवेतच. त्यांच्याबरोबर जेम्स डूहान आणि मॅजेल बॅरेट. डूहान आवाज बदलण्यात पटाईत, बॅरेटही तशाच. तेव्हा सुलूचा आवाज डूहान काढतील आणि उहुराचा बॅरेट.

म्हणजे जॉर्ज टाकेई आणि निशेल निकोल्स घरी बसणार. मूळ मालिकेत जहाजाच्या नियंत्रण कक्षात बसणारा जपानी वंशाचा सुलू आणि आफ्रिकी वंशाची उहुरा पडद्यावर दिसले असते, पण त्यांच्या तोंडून बोलणारी माणसं वेगळीच असती.

निमॉय यांना हे कळलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ते दोघं नसतील तर मीही नाही. त्यांचा मुद्दा असा होता की वेगवेगळ्या वंशांची माणसं एकत्र काम करताहेत हाच तर या मालिकेचा गाभा आहे, आणि तोच तुम्ही गाळताय. स्पॉकशिवाय 'स्टार ट्रेक' विकलं जाणं शक्य नव्हतं. टाकेई आणि निकोल्स यांना काम मिळालं.

आता इतिहासाच्या विद्यार्थिनीने इथे थबकायला हवं. ही गोष्ट इतकी छान आहे की संशय यावा. कोण सांगतंय? निमॉय स्वतःच सांगत असते तर मी ती जरा बाजूला ठेवली असती. पण ज्यांचं काम वाचलं त्या टाकेईंनीही ती जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे. शिवाय एक पुरावा असा आहे जो कुणाच्याच आठवणीवर अवलंबून नाही. तो म्हणजे रिकामी राहिलेली खुर्ची.

ती खुर्ची वॉल्टर कोनिग यांची, म्हणजे चेकॉव्हची. पैसे दोघांपुरते ताणले गेले, तिसऱ्यापर्यंत पोचले नाहीत. चेकॉव्हच्या जागी ॲरेक्स नावाचा तीन हातांचा परग्रहवासी बसवला. तीन हात आणि तीन पाय असलेलं पात्र माणूस नट घेऊन करणं अवघड; कार्टूनमध्ये ते चित्रकाराच्या हाती. आणि आवाज? डूहानचाच. नवा माणूस बोलवायला नको. मांजरासारखी दिसणारी एम्रेस नावाची अधिकारी आली, तिचा आवाज बॅरेटचा. डूहान यांनी या २२ भागांत डझनावारी पात्रांना आवाज दिलाय. कान देऊन ऐका, एखाद्या भागात डूहान डूहानशीच वाद घालताना सापडतील.

कोनिग यांना एक भाग लिहायला मिळाला, 'द इन्फिनिट व्हल्कन'. 'स्टार ट्रेक'ची कथा लिहिणारे ते त्यातले पहिले नट. चाहत्यांच्या यादीत हे 'माहीत आहे का?' म्हणून येतं. पण ज्या माणसाला आवाजासाठी घेतलं नाही त्याच्याकडून लिखाण घेतलं गेलं, हा त्याच वाक्याचा दुसरा अर्थ आहे. त्यांच्याकडून पुनर्लेखनं इतकी करून घेतली की दुसऱ्यांदा लिहायला ते तयार झाले नाहीत.

निमॉय अडून बसले त्याने प्रत्यक्षात काय फरक पडला, हे बघायचं तर २९ सप्टेंबर १९७३ ला लागलेला 'द लॉरेलाय सिग्नल' बघा. मार्गारेट आर्मेन यांनी लिहिलेल्या या भागात जहाजावरचे पुरुष एका संदेशाच्या प्रभावाखाली निकामी होत जातात, आणि उहुरा जहाजाची सूत्रं हाती घेते. मूळ मालिकेच्या ७९ भागांत तिला हे कधी मिळालं नव्हतं. आधीचा बेत पार पडला असता तर उहुराचा हा हुकूम मॅजेल बॅरेट यांच्या आवाजात आला असता. तो निकोल्स यांच्याच आवाजात आला.

संपाचा फायदा

या कार्टूनच्या कथा मुलांच्या इतर मालिकांपेक्षा भारदस्त होत्या, हे सगळे मान्य करतात. श्रेय दिलं जातं कथा-संपादक डोरोथी फोंटाना यांना, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याकडे इतके चांगले लेखक आले कसे?

१९७३ च्या मार्च ते जून या काळात अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेचा संप चालू होता. लेखकांना नेहमीच्या मालिकांसाठी लिहिता येत नव्हतं. ॲनिमेशन मात्र त्या संघटनेच्या कराराबाहेर होतं, त्यामुळे तिथे लिहिणं म्हणजे संप मोडणं नव्हे. फोंटाना यांनी मूळ मालिकेच्या लेखकांना बोलावलं. सॅम्युएल पीपल्स आले, आर्मेन आल्या, डेव्हिड जेरल्ड आले. जेरल्ड यांची ट्रिबलची दुसरी कथा मूळ मालिकेच्या तिसऱ्या वर्षी नाकारली गेली होती. ती इथे 'मोअर ट्रिबल्स, मोअर ट्रबल्स' म्हणून बाहेर आली. विज्ञानकथाकार लॅरी निव्हन यांनी आपलीच एक जुनी कथा 'द स्लेव्हर वेपन' म्हणून बसवून दिली.

यातली गोम लक्षात आली का? लेखक मोकळे होते, कारण ॲनिमेशनचं लेखन कराराबाहेर होतं. पण कराराबाहेर म्हणजे कराराच्या संरक्षणाबाहेरही. साध्या मालिकेत पुनःप्रक्षेपणाचा मोबदला लेखकाला त्या करारामुळे मिळतो. आणि शनिवार सकाळचं सगळं गणितच पुनःप्रक्षेपणावर चालायचं: १६ भाग बनवायचे आणि वर्षभर फिरवायचे. तेव्हा 'संपामुळे मालिकेला चांगले लेखक मिळाले' हे वाक्य पूर्ण करायचं तर, ते अशा कामासाठी मिळाले ज्याची किंमत कमी धरली जायची, हेही जोडावं लागतं.

प्रक्षेपणाच्या दोन गोष्टी

पहिली निवडणुकीची. १९७३ साली टाकेई लॉस एंजेलिस नगर परिषदेची निवडणूक लढवत होते. टॉम ब्रॅडली महापौर झाल्याने रिकामी झालेली ती जागा. अमेरिकेतला नियम असा की एखादा उमेदवार वाहिनीवर झळकला तर प्रतिस्पर्ध्यांनाही तेवढाच वेळ द्यावा लागतो. त्यामुळे देशभर जो पहिला भाग लागला, 'बियाँड द फार्दस्ट स्टार', तो लॉस एंजेलिसमध्ये त्या दिवशी लागला नाही. कार्टूनमधला सुलू हासुद्धा प्रचार ठरू शकत होता! टाकेई ती निवडणूक थोडक्यात हरले.

मला यात हसू येतं आणि कुतूहलही वाटतं. एका हिशेबात टाकेई यांचा आवाज इतका बिनमहत्त्वाचा की दुसऱ्याने काढला तरी चालेल, आणि त्याच वर्षी कायद्याच्या भीतीने तोच आवाज इतका महत्त्वाचा की त्यासाठी भाग बदलावा लागला.

दुसरी गोष्ट एका पाळीव प्राण्याची. फोंटाना यांनी स्वतः लिहिलेला 'यस्टरइयर' हा भाग १५ सप्टेंबर १९७३ ला लागला. त्यात स्पॉक भूतकाळात जाऊन लहानपणीच्या स्वतःला भेटतो. छोट्या स्पॉकचा लाडका प्राणी जबर जखमी होतो आणि त्याला वेदनेत ठेवायचं की शांतपणे जाऊ द्यायचं, हे त्या मुलाला ठरवायचं असतं. तो जाऊ देतो. शनिवारी सकाळी दूध-सीरियल खात बसलेल्या मुलांना हे दाखवायचं का, याची वाहिनीला काळजी होती. फोंटाना यांनी तो शेवट बदलला नाही, आणि भाग तसाच लागला. रॉडनबेरी यांनी करारातच सर्जनशील निर्णय आपल्या हाती ठेवले होते, त्यामुळे हे शक्य झालं. अशा वेळी मी लेखकाच्या धैर्याबरोबर कराराचं कलमही बघते.

मग गुलाबी कुणी केला?

आता परत ट्रिबलकडे. पहिल्या वर्षीचे दिग्दर्शक हॅल सदरलँड यांना रंग ओळखण्यात अडचण होती, हे खरं आहे. पण फिल्मेशनमध्ये रंग ठरवायचं काम त्यांचं नव्हतंच. तिथे काम केलेल्या चित्रकार बॉब क्लाइन यांनी नंतर सांगितलं की रंगांचा कारभार अर्व्हिंग कॅप्लन यांच्याकडे होता, आणि गुलाबी-जांभळ्याची आवड त्यांची. ते स्वतः बसून सेल रंगवून रंग नक्की करायचे. ट्रिबल काय, 'द स्लेव्हर वेपन'मधल्या वाघासारख्या खूंखार किझिंतींचे कपडेही गुलाबी आहेत.

म्हणजे चाहत्यांची गोष्ट एका खऱ्या माहितीवर उभी आहे आणि तरी तिने चुकीचा माणूस पकडलाय. का पकडला असेल? कारण दिग्दर्शकाचं नाव आपल्याला माहीत असतं आणि रंगविभागाच्या प्रमुखाचं नसतं. शिवाय 'रंगांध दिग्दर्शक' ही गोष्ट 'एका अनुभवी माणसाला तो रंग आवडायचा' यापेक्षा सांगायला मजेदार आहे. तीन हातांच्या पात्राची चित्रं काढणारे, सेल रंगवणारे, पुसणारे, साठवणारे कितीतरी लोक या गोष्टीत नाहीतच.

श्रेयनामावली बघितली की सगळं कळेल असंही समजू नका. या मालिकेच्या संगीतासाठी यव्हेट ब्ले आणि जेफ मायकेल अशी नावं येतात. ती टोपणनावं आहेत. मागे आहेत रे एलिस आणि फिल्मेशनचेच नॉर्म प्रेस्कॉट. पडद्यावर नाव आहे आणि त्या नावाचा माणूस नाही. स्टुडिओत माणूस आहे आणि त्याचं नाव पडद्यावर नाही. दोन्ही प्रकार एकाच मालिकेत.

खरं 'स्टार ट्रेक' की नुसतं कार्टून?

१९७५ साली या मालिकेला मुलांच्या मनोरंजन मालिकेचं डेटाइम एमी मिळालं. मूळ मालिकेला नामांकनं मिळूनही एकही एमी मिळालं नव्हतं. पुरस्कारासाठी गाजलेला भाग होता 'हाऊ शार्पर दॅन अ सर्पंट्स टूथ', रसेल बेट्स आणि डेव्हिड वाइज यांचा. बेट्स हे कायोवा या मूळनिवासी समाजातले, आणि त्यांनी जहाजावर वॉकिंग बेअर नावाचा कोमांची अधिकारी आणला.

एवढं होऊनही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रॉडनबेरी यांच्या कार्यालयाने ठरवलं की हे कार्टून अधिकृत कथेत धरायचं नाही. पण वगळलेलं सगळं मागच्या दाराने परत येत राहिलं. कर्कच्या नावातलं 'टायबेरियस' पडद्यावर प्रथम उच्चारलं गेलं ते याच मालिकेतल्या 'बेम' भागात; पुढे १९९१ च्या सिनेमाने ते पक्कं केलं. शेवटच्या भागातला जहाजाचा पहिला कप्तान रॉबर्ट एप्रिल २०२२ साली नव्या मालिकेत हाडामांसाचा होऊन आला. एम्रेसच्या मांजर-जमातीची डॉक्टर २०२० साली सुरू झालेल्या 'लोअर डेक्स' या कार्टूनमध्ये आहे. २००६ साली डीव्हीडी निघाल्या त्या सुमारास अधिकृत संकेतस्थळानेही या मालिकेला पंगतीत बसवलं.

माझ्या अभ्यासात 'अधिकृत काय' या प्रश्नाचा उपयोग मला फारसा होत नाही. अधिकृतपणा वरून दिला जातो आणि काढूनही घेतला जातो. उहुराचा हुकूम, स्पॉकचा प्राणी आणि चेकॉव्हची रिकामी खुर्ची मात्र १९७३ मध्ये जशी होती तशीच २२ भागांत आहेत.

पुढच्या वेळी कुठल्याही आवडत्या मालिकेची 'माहीत आहे का?' छापाची यादी समोर आली, तर हसा, पुढे पाठवा, काही हरकत नाही. फक्त एखाद्या ओळीवर थांबून विचारा की यात कुणाचे पैसे वाचले आणि कुणाचं काम गेलं. तुमच्या ही-मॅनपासून सुरुवात केलीत तरी चालेल. काय सापडलं ते मला खाली जरूर कळवा.